दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये

सातवीला नेटवर्क शिकवताना मी एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे सगळे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या डबीत, खोचली. स्विचची दोन भोकं रिकामी होती, ती मला बघवेनात. पाचव्या मिनिटाला नाशिक रोडच्या आमच्या शाळेतलं सगळं नेटवर्क ठप्प. मोठ्या बाई दारात उभ्या. "पुन्हा बंद पडलं तर हा तास गणिताला देईन," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

नेहमीचा दुरुस्तीवाला दिंडोरीहून आला. हा माणूस चपला बाहेर काढतो आणि आधी स्विचला पालथा हात लावतो, पोराचा ताप बघावा तसा.

"लय धावलंय बिचारं," तो म्हणाला. माझा पराक्रम त्याने तेव्हाच ओळखला असणार, पण केबल काही काढली नाही. मुलांना गोलात उभं केलं. कानावर येईल तो निरोप पुढच्याला सांगायचा, थांबायचं नाही. त्याने चार निरोप सोडले आणि मिनिटभरात नुसता कल्ला झाला.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही!"

"यंत्राचं तेच झालंय. आता घरातून निघून घरातच परतलेली वायर हुडका."

एका मुलीने वायरींवरून बोट फिरवत ती शोधली आणि उपटली. नेटवर्क सुरू! मुलं बाकांवर चढून नाचली.

बाईंनी हसू दाबत त्याला विचारलं, "मग ठेवू का हा तास?"

"ठेवा की बाई, पोरं हुशार हायेत. फक्त गुरुजींना वायरीला हात लावू देऊ नका."