नावं ठेवणारी हरणाबाई

हरणाबाईनं माझ्या आईला नावं ठेवली नसती, तर माझं लग्न नीट लागलं असं माझ्या माहेरी कुणी मानलंच नसतं. रुखवत मांडलं होतं, दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसल्या होत्या, आणि नवऱ्याकडच्या घोळक्यातून ही काटकुळी बाई उठून म्हणाली की इहिणीच्या लाडवानं आमचे दोन वरवंटे फुटले. म्हणाली म्हणजे गायली. माझ्या आईनं क्षणभर डोळे मिटले आणि गाण्यातच उत्तर दिलं, की तुमच्या गावात दातच कुणाला नाहीत, आम्ही काय करावं. मांडव हसून लोळला. दुसऱ्या दिवशी निघताना आईनं हरणाबाईला हुडकून काढलं, खण दिला आणि मला म्हणाली, "ह्या बाईच्या शेजारी तुझं घर हाय, आता मला घोर न्हाई."

तेव्हापासून मी तिच्या मागं उभी राहून तिनं गायलेली ओळ पुन्हा ओढत आले. कृष्णाकाठच्या आमच्या पट्ट्यात तिच्याशिवाय लग्न होत नव्हतं. आमच्या भागात दोन्हीकडच्यांनी समोरच्या विहिणीला, त्यातही नवऱ्याच्या आईला, भर मांडवात नावं ठेवायची रीत आहे, आणि हरणाबाईचे त्यातले नियम पोलादी होते. माणसाच्या अंगातलं व्यंग गायचं नाही. रिकामी कूस गायची नाही. पुसलेलं कुंकू गायचं नाही, ती स्वतः तिशीच्या आत विधवा झालेली होती. पैसा, तोरा आणि चिक्कूपणा मात्र सोडायचा नाही. आणि समोरून उत्तर आलं पाहिजे. "उत्तर आलं न्हाई म्हंजी समोरच्यानं आपल्याला माणसात धरलं न्हाई," असं ती म्हणायची.

गेल्या साली सांगलीच्या एका मंडळानं तिला लोककलेचा पुरस्कार जाहीर केला. एका मोठ्या हॉलमध्ये सोहळा होता. फुलांच्या माळा, दिवे, सोफे, सगळा थाट लग्नाचाच. पुरस्कार द्यायला हंबीररावसाहेब आले होते. आमच्या भागातला दूध संघ त्यांच्या हातात, आणि गावच्या नदीवरचा पूलही त्यांच्याच हातात, म्हणजे अजून बांधायचा आहे तो. साहेबांनी हरणाबाईच्या हातात भरजरी लुगडं ठेवलं. निवेदिका म्हणाली, "आजी, दोन ओळी होऊन जाऊ द्या."

हरणाबाई माझ्या कानाशी आली. "क्रांती, ह्यानं भर मांडवात लुगडं दिलंय. आता ह्याला नावं ठेवली न्हाईत तर ह्येचा अपमान हुईल."

मला तर ते बरोबरच वाटलं. आजही वाटतं. आमच्यात लुगडं देणारा माणूस गाणं मागत असतो, आणि गाणं कुणावर, तर देणाऱ्यावर. ती सोफ्यासमोर गेली, पदर खोचला आणि सुरू झाली.

साहेब आलं मांडवात, गाड्या मागं धा,
पुलाचा नारळ फोडून झाली वर्षं सा.
पूल काय दिसंना बाई, नारळ गेला कुठं?
खोबरं खाल्लं कुणीतरी, करवंटी आली इथं!

मी ओळ ओढली. हॉल हसला. साहेब तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग हरणाबाई हात कमरेवर ठेवून त्यांच्यासमोर थांबली, उत्तराची वाट बघत. साहेबांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मानूस चांगला हाय, पर गाता येत न्हाई बिचाऱ्याला."

दुसऱ्या दिवशी ते गाणं ज्याच्या त्याच्या मोबाईलवर होतं. कुणीतरी साहेबांचं हसणं तेवढं कापून टाकलं होतं. नुसती बोट नाचवणारी म्हातारी आणि समोर बसलेले साहेब, एवढंच दिसत होतं. साहेबांची माणसं चवताळली. म्हातारीला सुपारी देऊन बोलावलं म्हणाले, सोहळा भरवणाऱ्यांच्या दारात घोषणा दिल्या. साहेबांच्या विरोधातली मंडळी हार घेऊन आमच्या गल्लीत आली. त्यांनी तिला रणरागिणी केली, चौकात तिचा केवढातरी फलक लावून त्याला हार घातला. हरणाबाई फलकाखाली उभी राहून म्हणाली, "हार घातलेला फोटू? म्या जित्ती हाय की रं अजून." पोरं हसली आणि त्या बोलण्याचाही व्हिडिओ काढून पुढे पाठवला. मला दोन्हीकडच्यांचा सारखाच राग आला. एकालाही गाणं ऐकू आलं नव्हतं.

रोज ती माझ्याकडे यायची. माझी अंगणवाडीची नोकरी, ती सुटली की आम्ही पायरीवर बसायचो आणि लोकांनी व्हिडिओखाली काय काय लिहिलंय ते मी वाचायचे. वाचायचे म्हणजे गाळून वाचायचे. तिच्या वयावर, तिच्या कपाळावर, तिच्या मेलेल्या नवऱ्यावर लोकांनी जे लिहिलं होतं ते तोंडातून काढवत नव्हतं. कौतुकही ढिगानं होतं. तिला त्याचंही काही नव्हतं.

"गाण्यात कुणी उत्तर दिलंय का, तेवढं बघ."

मी बघितलं. वर-खाली सगळं चाळलं. हजारो माणसं बोलली होती, आणि उत्तर एकाचंही नव्हतं.

हे सगळं एक वेळ निभलं असतं. पण तिच्या नातीचं, शिवांजलीचं लग्न तोंडावर आलं होतं. मुलगा कराडकडचा, शंभूराज, फौजेत. रजा मंजूर झालेली, पत्रिका वाटून झालेल्या. मुलाची आई रंगूबाई तिकडच्या पट्ट्यातली नावाजलेली गाणारी. सुपारी फुटली त्या दिवशीच दोघींनी एकमेकींना जोखलं होतं. "बघू इहिणबाई, तुमची धार किती हाय," असं रंगूबाई म्हणाली होती, आणि हरणाबाई घरी येईपर्यंत गालात हसत होती. उभ्या आयुष्यात तोडीस तोड विहीण मिळाली होती, तीही एकुलत्या एका नातीची. त्या लग्नासाठी तिनं काय काय जुळवून ठेवलं होतं ते तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात मुलाचे वडील, दादासो, एकटेच मोटारसायकलवर आले. चहा घेतला नाही. त्यांच्या गावातलं दूध संकलन केंद्र ते चालवत होते, आणि केंद्र साहेबांच्या संघाचं.

"आवं काकी, साहेब स्वतः काय म्हणत न्हाईत," ते मान खाली घालून म्हणाले. "पर खालची माणसं ऐकंनात. केंद्र काढून घेतो म्हणत्यात. तुमी मोबाईलवर दोन शब्द बोला. चूक झाली, परत गाणार न्हाई, एवढंच. न्हाईतर हे लगीन मला झेपायचं न्हाई."

हरणाबाईचा मुलगा, शिवांजलीचा बाप लालासाहेब, भिंतीला टेकून उभा होता. शिवांजली आतून बाहेर आली.

"नगं आज्जी. मोडलं तर मोडू दे."

हरणाबाईनं नातीला हाताला धरून शेजारी बसवलं. मग दादासोंना म्हणाली, "व्याही, साहेबांनी गाण्यात उत्तर दिलं असतं तर म्या त्येंच्या पाया पडले असते. रुखवताच्या गाण्याची माफी नसती मागायची. माफी मागितली की ती शिवी हुती असं हुतं."

"मला सगळं कळतंय, काकी." दादासोंचे डोळे भरले होते. वाईट माणूस नव्हता तो. घाबरलेला होता.

ती उठली, तोंड धुतलं, डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, "धर तुझा मोबाईल." मी धरला. "हंबीररावसाहेबांवर म्या गाणं म्हणलं, ती माझी चूक झाली. परत..." इथं ती थांबली. "परत म्या गाणार न्हाई." बस्स. शिवांजली आत जाऊन रडायला लागली.

माफी फिरली तसे हार घालणारे उलटले. म्हातारी विकली गेली म्हणाले. चौकातला फलक त्यांनीच फाडला. साहेबांच्या माणसांनी पेढे वाटले. मला वाटत होतं की निदान साहेब तरी म्हणतील, मी हसलो होतो. ते काही बोलले नाहीत.

लग्न कराडजवळच्या कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, हार झाले, शंभूराज गणवेशात देखणा दिसत होता. मग विहिणीची पंगत बसली. आमच्याकडे या पंगतीला विहीण पहिला घास तसाच ताटात ठेवते. मुलीकडच्यांनी गाणं म्हणून नावं ठेवली की मग तिनं तो उचलायचा, त्याआधी नाही. रंगूबाई मधोमध पाटावर बसली. ताट वाढलं. सगळ्या बायका हरणाबाईकडे बघायला लागल्या. हरणाबाई हातात जिलबीचं ताट घेऊन उभी होती.

"आवं इहिणबाई, म्हणा की," रंगूबाई म्हणाली. "घास खोळंबलाय."

"जेवा तुमी."

"न बोलताच लेक देताय व्हय? आमी काय परके हाय का?"

हरणाबाई तिच्यासमोर खाली बसली. आवाज अगदी हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "म्या माफी मागितलीय, बाई. हितं गायले तर ती माफी खोटी ठरल. आन ती खोटी ठरली तर तुमच्या मालकांचं केंद्र जाईल. माझी पोर तुमच्या घरात यायची हाय."

रंगूबाईला हे माहीत असणार. पण कानानं ऐकणं वेगळं. तिनं ताटाकडे बघितलं, बाजूला उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं. आणि मग जे झालं ते आमच्यापैकी कुणी आधी पाहिलेलं नव्हतं. विहिणीनं स्वतःलाच नावं ठेवायला सुरुवात केली.

इहीण बसली पंगतीला, ताट तिचं भरलेलं,
घर तिचं गं मोठं बाई, दार भियानं लावलेलं...

आवाज खणखणीत होता. तिच्याकडच्या बायका गोंधळल्या. आपल्याच वरमाईवरची ओळ त्या कशा ओढणार? ती ओढायची मुलीकडच्या आम्ही. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझं तोंड उघडलं आणि "दार भियानं लावलेलं" मी ओढायला लागले, तोच हरणाबाईनं माझा हात घट्ट धरला.

"नगं, क्रांती. त्यो बघ."

समोरच्या खांबापाशी एका पाहुण्यानं मोबाईल वर धरला होता. त्याच्या मनात वाईट काही नसेलही. आठवण म्हणून काढत असेल. पण रंगूबाईनंही तिकडं बघितलं. तिची पुढची ओळ ओठावर आली होती, ते मला दिसलं. ती तिनं गिळली. पदर सारखा केला आणि गाऊन न घेताच घास उचलून तोंडात घातला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हरणाबाई तिच्या ताटात जिलबी वाढत होती. बाकीच्या बायकाही जेवायला लागल्या. तेराव्याला जेवतात तशी ती पंगत जेवली.

शिवांजली सुखात आहे, शंभूराज गुणाचा आहे, दादासोंचं केंद्रही चालू आहे. हरणाबाई लग्नांना जाते, अक्षता टाकते, जेवून येते. तिला कुणी गा म्हणत नाही. उलट लोक तिच्याच तोंडावर कौतुक करतात, की तुमच्या शिवांजलीचं लगीन लय शांततेत पार पडलं.