मावशीचा सात मिनिटांचा व्हिडिओ

मावशी हयात होती तेव्हा, सीडी-रॉमच्या काळात, मी एक कलाकृती केली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मलिद्याचं ताट दिसायचं: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, केळी, खजूर. आम्हा कोकणातल्या ज्यूंच्या घरी शुभकार्याला हे ताट असतंच. ज्या पदार्थावर क्लिक कराल त्याबद्दल मावशी तिच्या अलिबागकडच्या मराठीत बोलायची. तिचं बोलणं तोडून दुसरीकडे क्लिक केलं तर वैतागायची, "अगं, तोंडातला घास तरी संपव!" माझ्या लेखी सगळा जीव त्या वैतागात होता. इकडे परदेशात, नॉर्थ यॉर्कमधल्या एका गॅलरीने ते काम कॉम्प्युटरसकट घेतलं.

गेल्या विंटरमध्ये त्यांची ईमेल आली. तुमचं काम आम्ही कायमचं जतन केलंय, बघायला या. मी आणि नवरा मिल्टनच्या आमच्या घरून गाडीने गेलो. भिंतीवर एक टीव्ही, त्यावर सात मिनिटांचा व्हिडिओ. कुणीतरी शिस्तीत एकेका पदार्थावर क्लिक करतंय, मावशी बोलतेय, आणि तिच्या आवाजाखाली पियानो वाजतोय. पियानो! मावशी एकदाही रागावली नाही, कारण क्लिक करणारा दर वेळी तिचा आवाज थांबेपर्यंत निमूट बसला होता.

"लोकांनी क्लिक कशावर करायचं?" मी विचारलं.

तिथल्या क्युरेटरबाई गोड हसल्या. "आता क्लिक करावंच लागत नाही. सगळा अनुभव आपोआप मिळतो."

मला त्या व्हिडिओची किळस आली. मेलेल्या माणसाला पावडर लावून खुर्चीत बसवावं, तसं वाटलं. जुना कॉम्प्युटर कुठे आहे म्हणून विचारलं, तर बेसमेंटमध्ये, फेकायच्या सामानात. "हात लावू नका, फार घाण आहे."

होतीच घाण. उंदराच्या लेंड्या, कीबोर्डवर वाळलेली कॉफी, आतली बॅटरी फुटून बोर्डभर पसरलेला हिरवट चिकट थर. पण किळस मला त्याची आली नाही. कागदावर सही करून आम्ही तो घरी आणला.

नवरा रिटायर्ड इंजिनियर. त्याने बोर्डाची आशा सोडली, पण डिस्क अलगद काढून तिच्यातलं सगळं उतरवून घेतलं. मग जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर बसवला. त्यात चार रविवार गेले. रंग जरा फिके आले. मी खोबऱ्यावर क्लिक केलं आणि लगेच खजुरावर.

"अगं, तोंडातला घास तरी संपव!"

नवरा म्हणाला, "बाप रे, अजून तशीच ओरडते." मला हसू आलं आणि रडूही.

आनंदाच्या भरात मी गॅलरीला फोन केला. व्हिडिओ काढा, हे लावा, लॅपटॉपही मीच देते. क्युरेटरबाई म्हणाल्या, "लोकांनी हात लावला की माउस पुसत बसावं लागतं हो. व्हिडिओला मेंटेनन्स नाही."

"मग माझं नाव काढा," मी म्हटलं.

ते मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी केलं. व्हिडिओ चालूच आहे, पियानोसकट. पाटीवर आता 'अज्ञात कलाकार' लिहिलंय, असं आमच्यातल्या एका बाईंनी सांगितलं. मी बघायला गेले नाही, जाणारही नाही.