मोरचूद न घातलेली खळ

मूल गावातल्या आमच्या गल्लीतलं एकही लग्न खैरुनबाईच्या कागदी फुलांशिवाय लागलं नाही. मी तिला चिडवायची, "बाई, नवऱ्यापेक्षा कागदालेच जास्त कुरवाळतेस तू."

यंदा तिच्याच लेकीचं, शगुफ्ताचं लग्न होतं. दोन महिने खपून तिनं मांडवाच्या गुलाबी माळा केल्या. चिकटवायला नेहमीप्रमाणे तांदळाच्या पिठाची खळ शिजवली, पण पाहुण्यांची लेकरं फुलं तोंडात घालतील म्हणून त्यात कीड-जनावरांना दूर ठेवणारं विषारी मोरचूद तेवढं घातलं नाही.

लग्नाच्या सकाळी अंगणात टोपल्या उलट्या पडल्या होत्या आणि दोऱ्यांवर एक पाकळी उरली नव्हती; खाली नुसत्या शेळीच्या लेंड्या. खैरुनबाई मांडवाचा खांब धरून खाली बसली.

"बारा वाजता भद्रावतीहून वरात येते, गुणाबाई. साऱ्या गल्लीचे मांडव सजवले मी, अन् माह्या पोरीचाच बोडका. लोक म्हणतील, पोरीले माय नाई का?"

मी तिच्याशेजारी टेकले. "शेळी माही होती," मी म्हटलं.

"मले मालूम हाये. तिचं तोंड गुलाबी हाये."

कागदाचं दुकान नेमकं त्या दिवशी बंद होतं. मग शगुफ्ताच्या कॉलेजच्या वह्या फाडल्या. खैरुनबाई दोरा घेऊन बसली, कात्री मी धरली. माझी फुलं कोबीसारखी झाली, तीही तिनं ओवली.

बँड ऐकू आला तेव्हा एकच माळ झाली होती. ती दारालाही पुरेना. खैरुनबाईनं ती नवरीच्या खुर्चीला बांधली आणि लोकांकडे पाठ करून उभी राहिली.

माझ्या दारात शेळी सावकाश रवंथ करत होती.