कचरूनं परत पाठवलेलं तेल

माजलगावच्या धरणावर मासेमारी सोसायटीची एकच मोटरबोट होती, आणि तिच्या इंजिनाला हात लावायचा तो कचरूनंच. चौथीतच शाळा सुटलेला हा माणूस आधी मोपेड दुरुस्त करायचा. बोट आली त्याच वर्षी घाईत हाताला लागलेलं तेल त्यानं पेट्रोलात मिसळलं आणि पिस्टन जाम झाला. त्याला कुणी बोललं नाही. पण महिनाभर बोट काठावर पालथी पडून राहिली, ते त्याच्या मनाला लागलं. मग तेलाचे रिकामे डबे घरी आणून त्यावरची इंग्रजी अक्षरं तो थोरल्या लेकीकडून, रूपालीकडून शिकला. पाण्यावरच्या मोटरीचं तेल पेट्रोलाबरोबर जळतं आणि मागं राख ठेवत नाही, हे त्याला पाठ झालं.

त्या सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला. सकाळी शेजारच्या वस्तीवरून फोन आला, पाणी उंबऱ्याला लागलंय, घरात म्हातारी छबुबाई आणि आणखी सहा जण आहेत. कचरूनं तेलाचा डबा हलवून पाहिला, तर तळाशी चार थेंब. नवा डबा यायचा तो बीडहून, आणि बीडचा रस्ता बंद.

सोसायटीचे सचिव बंकटराव मोटारसायकलवर घाईघाईनं आले. हातात ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन.

"घाल हे. तेल म्हंजी तेल."

कचरूनं कॅनवरची अक्षरं वाचली आणि कॅन परत दिला. "हे न्हाई चालत, अण्णा. हे इंजिनाच्या पोटात ऱ्हायचं तेल हाय. आपल्या मोटरीला जळणारं लागतंय."

"माणसं बुडायलीत अन् तू तेल निवडत बसलास? का म्हून?"

"मधी धारेत मोटर बंद पडली तर आमी पन बुडू."

काठावरची माणसं चिडली. पण कचरू हलला नाही. "गावातल्या गॅरेजात जुन्या स्कूटरचं टू-स्ट्रोकचं तेल असंल," तो म्हणाला. "ते आना. या मोटरीचं न्हाई ते, पर जळतं. आजच्या पुरतं भागंल."

बंकटराव पुटपुटत गेले आणि पाव तासात बाटली घेऊन आले. रोज कचरू पाच लिटर पेट्रोलात शंभर मिली तेल घालायचा, आज थोडं जास्त घातलं. कॅन हलवून टाकीत ओतलं, खिशात दोन नवे स्पार्क प्लग टाकले आणि दोरी ओढली. पहिल्या फेरीत छबुबाई आणि तिची सून आली. परतताना इंजिन अडखळू लागलं, पांढरा धूर निघाला. स्कूटरच्या तेलाची काजळी प्लगवर धरणार, हे कचरूला अपेक्षितच होतं. काठाला लागताच त्यानं काळे झालेले प्लग काढून नवे बसवले.

"चला," म्हणाला, "आनखी दोन खेपा निघतील."

दोनच निघाल्या, आणि त्यांत उरलेले पाचही जण कोरड्यावर आले.

बंकटरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लई हट्टी हायस रे तू," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळी वस्तीवाल्यांनी, ते उतरले होते त्या शाळेत, त्याला सत्काराचा नारळ द्यायला बोलावलं. कचरू गेला नाही. तो टाकीतलं उरलेलं मिश्रण काढून, नळीत राहिलं तेवढं जळून जावं आणि पुराचा गाळ धुऊन निघावा म्हणून इंजिन पिंपातल्या स्वच्छ पाण्यात चालवत बसला होता.