उजनीपर्यंत, हँडल दोन इंच वर

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सव्वासातला आम्ही घरातून निघालो आणि जुना पुणे नाका येईपर्यंत मला वाटायला लागलं होतं की आपण मोटारसायकलवर नाही, हत्तीवर बसलोय. पाठ ताठ, छाती पुढे, हात वर. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. ते कौतुकाने बघत होते असा माझा समज होता. मागे बसलेल्या सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो समज तिथेच काढून टाकला. "अहो, खांदे कानाला लागलेत तुमचे," ती म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. आदल्याच दिवशी मी गाडीच्या हँडलखाली दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवून घेतले होते आणि हँडल दोन इंच वर नेलं होतं. या ठोकळ्यांना रायझर म्हणतात, हे महिन्याभरापूर्वीपर्यंत मला माहीतही नव्हतं. माझी गाडी एकवीस वर्षांची आहे आणि मी छप्पन्न वर्षांचा. गाडीची काही तक्रार नाही. तक्रार माझ्या उजव्या मनगटाची आहे. तासभर वाकून चालवलं की पंजा बधिर होतो, मग मान धरते. गेल्या वर्षी याच प्रवासात टेंभुर्णीच्या हॉटेलात माझ्या हातातून चहाचा कप निसटला होता. चहा सुनंदाच्या पायावर सांडला. तिने रुमालाने पाय पुसला. घरी आल्यावर मात्र शांतपणे म्हणाली की आता पुरे.

दिवाळीनंतर बरीच घासाघीस झाली आणि शेवटी पैज ठरली ती अशी : उजनी धरणावर आणखी एकदा जायचं. जाऊन-येऊन हात चांगला राहिला तर गाडी राहील. बधिर झाला तर वैरागला असलेल्या माझ्या भाच्याला, विशालला, गाडी देऊन टाकायची आणि पुढच्या वर्षीपासून एसटीने जायचं. विशालचा त्या गाडीवर डोळा आहेच. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं फिरायला म्हणून गेलो ते उजनीच्या पाण्यावर, आणि तेव्हापासून दर जानेवारीत जातो. ते एसटीने जायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. म्हणून हे ठोकळे.

ठोकळे बनवले नरसय्याने. शहराच्या पूर्व भागात त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. घराणं विणकरांचं, घरात तेलुगू बोलतात, आणि याचं आयुष्य यंत्रमागाचे सुटे भाग करण्यात गेलं. त्याची माप घ्यायची रीत बघून मला हसू आलं होतं. टेपला त्याने हातही लावला नाही. मला गाडीवर बसवलं, डोळे मिटायला लावले, हात वर करून सैल सोडायला सांगितले. हात खाली येऊन हवेत जिथे थांबले तिथे त्याने खांद्यापासून सूत धरलं आणि गाठ मारली. असं तीन वेळा केलं. तिन्ही गाठी जवळजवळ एकाच जागी आल्या.

"एक इंच, सर," तो म्हणाला. "जास्त न्हाय."

पण मी घरी गाडीवर बसून हात वेगवेगळ्या उंचीला धरून पाहिले होते, आणि दोन इंचाला मला राजासारखं वाटत होतं. शिवाय मी तीस वर्षं गणित शिकवतोय. सुताच्या गाठीवरून मला कुणी मोजमाप शिकवावं हे काही पटेना. नरसय्याने समजावलं की दोन इंच घेतलं तर एक्सिलेटरची केबल ताणली जाईल, लांब केबल मागवावी लागेल, दोन दिवस थांबा. मी म्हटलं, उद्या रविवार आहे आणि पुणे रस्ता सरळ आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सोबत आलेल्या सुनंदाकडे पाहिलं, आणि कामाला लागला. इंचा-इंचाचे चार ठोकळे करून त्याने एकेका बाजूला दोन-दोन रचले. जाताना गाठ मारलेलं सूत माझ्या खिशात कोंबलं. मी चाकांतली हवा बघत होतो तेव्हा तो सुनंदाला "अक्का" (मोठ्या बहिणीला म्हणतात तसं) म्हणून बाजूला बोलावून काहीतरी सांगत होता. मला वाटलं, देवाचा प्रसाद देत असेल.

मोहोळपर्यंत सगळं झकास. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, कणसांवर ऊन नुकतं चढत होतं, आणि मधूनच हुरडा भाजायच्या आगटीचा वास येत होता. मी पन्नासच्या वर जात नाही, त्यामुळे बोलता येतं. आमची भाषाही ठरलेली आहे. हेल्मेटवर एक टकटक म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. घरी आम्ही फारसं बोलत नाही. मी पेपर तपासतो, ती टीव्ही बघते. गाडीवर मात्र वर्षभराचं निघतं. त्या दिवशी मोहोळ यायच्या आत तिच्या धाकट्या बहिणीच्या घरातली भांडणं, आमच्या शाळेतले नवे मुख्याध्यापक आणि गच्चीच्या गळतीचा विषय संपला होता.

मोडनिंबला दोन टकटक झाल्या. चहा घेतला. टपरीवर एक आजीबाई बोरांची पाटी घेऊन बसल्या होत्या. सुनंदा बोरं घेत असताना त्यांनी माझ्या गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्ये कशाला वर केलंय, बाई?" सुनंदाने सांगितलं, यांचा हात दुखतो. आजीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हात न्हाय, मान आखडलीया त्यांची," त्या म्हणाल्या आणि मूठभर बोरं जास्त घातली.

खरं होतं ते. हात ठीक होता, एकदम ठीक, पण खांद्यांमध्ये कुणीतरी खुंटी ठोकल्यासारखं झालं होतं. हात इतके वर होते की खांदे खाली यायला जागाच नव्हती, आणि वारा सगळा छातीवर. पण पैज हाताची होती, खांद्याची नव्हती. मी चहाचा कप मुद्दाम उजव्या हातात, तिला दिसेल असा, स्थिर धरला.

टेंभुर्णीला हमरस्ता सोडून आम्ही करमाळ्याच्या बाजूला वळलो. इथून हवा बदलते. ज्वारी मागे पडते, ऊस आणि केळी सुरू होते, आणि रस्त्याच्या कडेने पाण्याचे जाडजूड पाईप शेतात शिरलेले दिसतात. कंदर गेल्यावर पुढे डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो. तो थेट धरणाच्या फुगवट्यावर (धरणाचं मागे पसरलेलं पाणी) जातो. दरवर्षीची आमची जागा तीच.

त्या रस्त्याच्या शेवटी केळीच्या एका बागेला वळसा घालावा लागतो. वळण अगदी काटकोनातलं, डावीकडे. मी वेग कमी केला आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. आणि मी एक्सिलेटर सोडलेला असताना इंजिन आपोआप किंचाळायला लागलं. गाडीने उडी घेतली. मी ब्रेक दाबेपर्यंत आम्ही वळण सोडून सरळ बागेत शिरलो होतो. नुकतंच पाणी दिलेल्या चिखलात गाडी एका अंगावर निजली आणि तिच्याबरोबर आम्हीही.

मला आधी सुनंदा दिसली नाही. त्या दोन-तीन क्षणांत मला जी भीती वाटली ती मी आयुष्यात विसरणार नाही. मग केळीच्या पानामागून ती उठली. साडीला गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पर्स घट्ट धरलेली. "लागलं का तुम्हाला?" तिनेच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

बांधावर पाण्याच्या मोटारीच्या पेटीशी काम करत असलेला शेतकरी धावत आला. चाळिशीचा गडी, नाव महादेव. बाग त्याचीच. एक झाड आडवं झालं होतं. मी माफी मागायला लागलो तर त्याने आधी आम्हाला हाताला धरून बाहेर काढलं, बादलीभर पाणी आणलं, मग गाडी उभी केली. हँडलकडे बघून तो थांबला.

"सर, हँडल आभाळाला लावलंय व्हय?"

त्याने गाडी सुरू केली आणि जागच्या जागी हँडल डावीकडे फिरवलं. इंजिन पुन्हा किंचाळलं. सरळ केलं, शांत. पुन्हा डावीकडे, पुन्हा तेच. "केबल कमी पडतीया की," तो म्हणाला. "हँडल वळलं का केबल वढली जातीया, आन् रेस आपसूक वाढतीया. आसं घिऊन माघारी कसं जाणार तुमी?"

तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस चिखलात उभा होता. पुणे रस्ता सरळ आहे, हे माझं वाक्य मला आठवलं. हात बधिर झाला नव्हता, तरी आता पैज हरलोच होतो. अशा गाडीवर बायकोला पुन्हा कसं बसवणार? महादेव म्हणाला की ठोकळे कमी केले तर जमेल, पण हे बोल्ट लांब आहेत, ठोकळा काढला की ते खाली टेकतील आणि हँडल आवळणार नाही. आखूड बोल्ट पाहिजेत, आणि ते टेंभुर्णीशिवाय मिळायचे नाहीत.

तेव्हा सुनंदाने पर्स उघडली. रुमालात बांधलेली एक पुरचुंडी काढली आणि महादेवच्या हातावर ठेवली. आत चार आखूड बोल्ट होते आणि ते फिरवायची चावी.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं.

"नरसय्यानं दिलेत," ती म्हणाली. "म्हणाला, अक्का, सर आज ऐकणार न्हाईत. रस्त्यात ऐकतील."

काम पंधरा मिनिटांचं होतं. महादेवने हँडल सोडवून वर धरलं, मी दोन्ही बाजूंचा एकेक ठोकळा काढला, आखूड बोल्ट घातले आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळले. ठोकळे एकात एक बसतील असेच केलेले होते. म्हणजे एक काढावा लागणार हे नरसय्याने लेथवर काम करतानाच ठरवलं होतं. हँडल डावीकडे फिरवून पाहिलं. इंजिन गप्प. मग मी गाडीवर बसून खिशातलं सूत काढलं, एक टोक खांद्याला धरलं. गाठ बरोबर मुठीवर आली. मला लाज वाटली आणि खूप बरंही वाटलं.

पाण्यावर जाऊन बसलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उथळ पाण्यात उभी होती. होडीतून एक कोळी जाळं ओढत होता, आणि काठावरच्या मोटारींचा एकसुरी आवाज चालू होता. सुनंदाने धपाटे, शेंगाचटणी आणि घट्ट दही काढलं. महादेवला बोलावलं तर तो येताना केळीची एक फणी घेऊन आला. पडलेल्या झाडाचा विषय मी दोनदा काढला, त्याने दोनदा उडवून लावला. त्याला चटणी आवडली. सगळी त्यालाच दिली.

परतीचा रस्ता मी कधीच विसरणार नाही, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच घडलं नाही. हात जिथे सहज पडतात तिथे मुठी होत्या. पाठ ताठ नव्हती, वाकलेलीही नव्हती. टेंभुर्णीला त्याच हॉटेलात थांबलो. कप उजव्या हातात घेतला. या वेळी दाखवायला नाही, चहा प्यायला. अर्धा संपल्यावर मी विचारलं की बोल्ट होते तर मोडनिंबलाच का नाही सांगितलं.

"तिथं तुम्ही कप दाखवत होतात मला," ती म्हणाली. मग बशीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं होतं खांदा दुखला की तुम्हीच थांबाल. पडू असं नव्हतं वाटलं. चुकलंच माझं." मी म्हटलं, तुझं नाही. एवढंच बोललो, पण त्या दिवसातलं माझं सगळ्यात सरळ वाक्य तेच होतं.

मोहोळच्या पुढे तिने हेल्मेटवर एक टकटक केली. मी हळू केलं. रस्ता मोकळा होता. "काही नाही," ती म्हणाली, "सावकाश चला. घरी गेल्यावर तुम्ही पेपर घेऊन बसाल."

दिवे लागायच्या वेळेला घरी पोचलो. पंजा मिटून-उघडून पाहिला, दहाही बोटं जागेवर होती. पैज मी जिंकलो होतो आणि आता विशालला कळवणं भाग होतं. बिचारा आशेवर असेल म्हणून मी जरा आवाज मऊ करून फोन लावला. सांगितलं की बाबा रे, गाडी काही मी देत नाही, मनाला लावून घेऊ नकोस.

"मामा, मला म्हाईत हाय की," विशाल म्हणाला. "मामी दिवाळीतच म्हणाल्या, गाडीची वाट बघू नको, ती घरातनं जाणार न्हाय. मी दुसरी घेतली पण."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात सुनंदा साडीवरचा चिखल धूत होती. पैज लागली होती ती दिवाळीनंतर. मी दारात उभा राहिलो, तिने मागे न बघता विचारलं, "काय म्हणाला विशाल?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि दुसरी बादली भरून आणली.