फूटपट्टी सरांचा दुसरा ठराव

फूटपट्टी सर वर्तमानपत्र वाचत नसत, मोजत. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या वाचनालयात सकाळी आले, की चष्म्याच्या आधी खिशातून लाकडी पट्टी बाहेर यायची. परदेशचं पान पसरायचं आणि कुठल्या देशाच्या दुःखाला किती जागा मिळाली, ते मापायचं. युक्रेनमधलं पडलेलं घर फोटोसकट अर्ध्या पानात आणि पॅलेस्टाईनमधलं खालच्या कोपऱ्यात बोटभर, असं एखाद्या दिवशी सापडलं की पट्टी टेबलावर आपटायची. "रनगाडा कोनाचा हाये ते पाहून या पेपरवाल्यायले राग येते," ते म्हणायचे. आम्ही हसून चहा मागवायचो.

सरांनी जन्मभर बाळापूरला भूगोल शिकवला होता. बड्या देशांविषयी ते बोलायचे, तेही वर्गातल्या उनाड पोरांविषयी बोलावं तसं. युक्रेनमध्ये परकी फौज घुसली, तेव्हा या देशांनी निर्बंध घातले, हत्यारं पाठवली, कायद्याची कलमं धडाधड म्हणून दाखवली. पॅलेस्टाईनच्या जमिनीवर परकी फौज कित्येक पिढ्या बसून आहे, तिथे तेच देश चिंता व्यक्त करतात. "एका पोराले छडी अन् दुसऱ्याले समज," सर म्हणायचे, "असा मास्तर आमच्या शाळेत टिकला नसता."

युक्रेनच्या वेळी वाचनालयाने निषेधाचा ठराव केला, तो सरांनीच लिहिला होता. 'परक्या फौजेने बळाने घेतलेली भूमी तिथल्या माणसांना परत मिळाली पाहिजे.' सगळ्यांचे हात वर. पेपरात फोटो आला, त्याचं कात्रण आम्ही फ्रेम करून दारासमोर लावलं. अकोल्याच्या ठरावाने तिकडे काय होणार, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाच पडला नाही.

पुढे गाझात बॉम्ब पडू लागले आणि सर बैठकीत तोच ठराव घेऊन आले. शब्द तेच, फक्त देशांची नावं बदललेली. अध्यक्ष म्हणाले, विषय नाजूक आहे. एक वकील सभासद म्हणाले, इतिहास गुंतागुंतीचा आहे. "मंग तवा इतिहास नव्हता काय?" सरांनी विचारलं. मी वाचनालयाचा चिटणीस. पुढच्या बैठकीत घेऊ, असं मी म्हणालो, आणि ते मला त्या वेळी शहाणपणाचं वाटलं.

तेव्हा इंगळेताईंनी हात वर केला. ताई जिल्हा परिषदेत नोकरीला, माहेर बाळापूरकडचं, आणि त्यांच्या वडिलांचं वावर, म्हणजे शेत, सरांच्या घरच्या वावराला लागून. "माहा हात ठरावाच्या बाजूनं हाये," त्या म्हणाल्या. "पन सर, तुमचे दादा दर साली वखरताना आमचा धुरा कोरतेत. माह्या बापानं तुमाले किती डाव सांगतलं. त्या धुऱ्याले तुमची फूटपट्टी कावून नाई लागत?"

आमच्या भागात धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्याच्यावरून इथे डोकी फुटतात. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "खरं हाये, ताई," एवढंच म्हणाले.

घरी जाताना मी सोबत होतो. "चिटनीस, मले लाज वाटून राह्यली," सर म्हणाले. "जग मोजत बसलो, अन् दादापुढं माहं तोंड उघडलं नाई. ताईच्या बापाले म्हनलं, घरचं हाये, जरा समजून घ्या. म्याबी चिंताच व्यक्त केली."

त्यानंतर ते बाळापूरला गेले. सातबाऱ्यावर त्यांचंही नाव होतं, म्हणून मोजणी त्यांनीच मागवली आणि मोजणीवाले आले तेव्हा ते इंगळ्यांच्या बाजूला उभे राहिले. धुऱ्याचा दगड मागे सरकला, जुन्या जागी गेला. दादा म्हणाले, "परक्यासाठी भाऊ सोडला तू. आता या घरात येऊ नोको." सर पुन्हा त्या घरात गेले नाहीत.

त्या हिवाळ्यात इंगळेताईंनी त्याच धुऱ्यालगतच्या तुरीच्या शेंगा उकडून वाचनालयात आणल्या. सर नुसत्या सोलत बसले. "खाववत नाई, ताई. लय उशीर केला म्या." ताई म्हणाल्या, "लाज असू द्या सर, पन शेंगा खा." मग त्यांनी खाल्ल्या. ठरावाचं मात्र ते दर बैठकीत विचारत राहिले आणि दर बैठकीत आमच्याकडे काहीतरी कारण असायचं.

सर यंदाच्या उन्हाळ्यात गेले. दादा आले नाहीत. खांदा द्यायला इंगळेताईंचे भाऊ होते. वाचनालयात शोकसभा झाली, सरांच्या निःपक्षपातीपणावर सगळे भरभरून बोलले, मीही बोललो. शोकाचा ठराव एकमताने झाला. आम्ही बसल्यावर ताई तेवढ्या उभ्या राहिल्या. "त्यायचा दुसरा ठराव कवा घेता?"

कुणीतरी म्हणालं, आजचा प्रसंग नाही. कुणी ताईंकडे बघेना. मी मान वर केली तर समोर फ्रेममधलं आमचं कात्रण, त्यात आम्ही सगळे हात वर करून उभे. मी मान खाली घातली आणि इतिवृत्तात लिहिलं, 'विषय पुढच्या बैठकीत.' सारखं माप लावताना सरांचा भाऊ गेला, घर गेलं. आमचं मातीचं एक ढेकूळही जाणार नव्हतं.