सतरा नंबरची जागा

"मुहूर्त नाही म्हणून तं भेटलं वं तुले हे कार्यालय," भागीरथा फडा आपटत म्हणाली. "पंचांगात आज काहीच नाही. नाही तं ह्या दिवसात तुले इथं उभं राह्यले जागा भेटली नसती."

"आपल्याले काय करा लागते पंचांग?" सुभद्रा हसली. "माहा जावई म्हणे, शाळेले सुट्टी ज्या दिवशी, मुहूर्त त्या दिवशी. मास्तर हाय ना तो."

"म्हंजे भटजीले हाकललंच तुमी."

"ते तं आठ वर्सांपयलेच हाकललं वं!"

भाजी निवडणाऱ्या बाया खिदळल्या. भागीरथानं मान खाली घातली आणि झाडलेलीच जागा परत झाडली.

हे कार्यालय म्हणजे अकोल्याला स्टेशनामागची, इंग्रजाच्या काळातली कापसाची जीन. दगडी भिंती, वर पत्रे, आणि आत एवढी लांब जागा की ह्या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला उशिरा पोचावी. कापसातून सरकी काढायचे रेचे इथं भिंतीला लागून दोन ओळींत बसवलेले होते. एकेका रेच्यापुढं एकेक बाई बसे आणि त्याला कापूस चारे. दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रोज. भिंतीवर रेच्याचा नंबर असे आणि बाईचं नावही तेच होऊन जाई. "अठराले आज ताप हाय," असं मुकादम म्हणे तेव्हा ताप सुभद्राला असे. सतरा म्हणजे भागीरथा. सोळा चतुराबाई. तीन वर्षांपूर्वी ती काविळीनं गेली.

आता रेचे नव्हते. खाली शहाबादी फरशी आली होती आणि बाहेर 'मंगल कार्यालय' अशी पाटी. भिंतींना चुना मारला होता, पण तेलाच्या रंगानं लिहिलेले ते जुने नंबर दर पावसाळ्यानंतर चुन्यातून वर यायचे. मालक चिडायचे. भागीरथा परत कुंचा घेऊन उभी राहायची. झाडणं, पाणी भरणं, राखण, सगळं तिच्याकडं. जिनीतल्या चाळीस बायांतून कामावर राहिली ती एकटीच. सुभद्रा मोर्शीकडं संत्र्याच्या बागांत मजुरीला जाऊन जाऊन वाळली होती. काही जणी गिट्टी फोडायला गेल्या. काही कुठं गेल्या ते कोणाला माहीत नाही.

छप्पनच्या साली मालकानं सांगितलं होतं, यंदा जीन चालू होणार नाही, रेचे खानदेशात विकले. तेव्हा बायांनी फाटकाला आपली साखळी घातली, आपलं कुलूप लावलं आणि समोर बसल्या. रेचेच बाहेर गेले नाहीत तर जीन चालवावीच लागेल, असा त्यांचा भाबडा हिशेब. किल्ली जिची पाळी तिच्या कमरेला. महिनाभर चाललं. मग दसरा आला आणि सगळी वस्ती दीक्षेसाठी नागपूरला निघाली. ज्यांच्या घरी दसरा होता त्या माळ्यांच्या बायाही घरी गेल्या. कोणीतरी मागं राहणं भाग होतं.

"तुमी जा," भागीरथा म्हणाली होती. "मी बसतो."

तिची पोरगी तापानं फणफणली होती, हे खरं. आदल्या दिवशी मुकादम भगवंतरावानं तिला पाणवठ्यावर गाठलं होतं, हेही खरं.

"मशिनी तं जातीनच, बाई," तो म्हणाला होता. "आज नाही तं उद्या पोलीस आणून जातीन. मालक इथं लग्नाचं कार्यालय काढून राहिले. एक बाई तं लागनच राखणीले. तू रांडमुंड, एक लेकरू पदरात. पाह्य बाप्पा, इचार कर."

तिनं विचार केला. दसऱ्याच्या दुपारी कमरेची किल्ली मुकादमाला काढून दिली आणि रेचे गाड्यांवर चढताना पाठ करून बसली. बाया नागपूरहून परतल्या, पांढऱ्या लुगड्यांत, घोषणा देऊन देऊन घसे बसलेले. भागीरथा म्हणाली, "पोलीस आले. किल्ली हिसकली. मी एकली काय करू?"

कोणी तिला वाकडं बोललं असतं तर बरं झालं असतं. सुभद्रानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुले मारलं तं नाही ना वं?"

हे एवढंच वाक्य. आठ वर्षं ते तिच्यात रुतून बसलं होतं. माशाचा काटा भाताच्या घासानं तरी उतरतो, हे उतरत नव्हतं.

दीक्षा तिनं पुढं वस्तीतच घेतली.

लग्न दहाला लागलं. बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या, सुभद्राची शकुन पांढऱ्या पातळात, मास्तर पांढऱ्या सदऱ्यात. सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. भागीरथाही मागं उभी राहून म्हणत होती. चौथ्यापाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणायच्या जागी, तिचं तोंड बंद झालं. हे नेहमीचंच होतं. पण आज सुभद्रा शेजारी उभी होती आणि तिनं वळून पाहिलं.

माणसांच्या पंगती उठल्या, मग पाहुण्या बायांच्या. सर्वांत शेवटी नवरीच्या आईसोबत बसायला जिनीतल्या जुन्या बाया निघाल्या. अकरा जणी होत्या. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण जी ती आपापल्या नंबराखाली जाऊन बसली. मधल्या जागा मोकळ्या.

वाढपी वैतागला. "बायाहो, सरकून बसा ना! मधात जागा काहून सोडून राहिल्या?"

"ते चतुराबाईची हाय," पार्बताबाई म्हणाली.

"कुठं हाय चतुराबाई?"

"मेली."

"मंग तिले काय बुंदी वाढू?"

"वाढशीन तं वाढ. तुह्या घरची हाय का?"

सगळ्या हसल्या. सुभद्रा अठराखाली बसली आणि सतराखाली तिनं स्वतःच्या हातानं पत्रावळ मांडली. "ये वं भागीरथे. किती येळ फडा मिरवशीन?"

भागीरथा पत्रावळीकडं पाहत राहिली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. सुभद्रा उठून तिच्यामागं आली.

"काय झालं? मघा पंचशील म्हणतानाही तू गप झाली."

"पोलीस नव्हते आले."

"कधी?"

"दसऱ्याले. किल्ली म्या देल्ली. ह्या कामासाठी देल्ली."

हौदाशी कोणीतरी स्वयंपाकाचे गंज घासत होतं. सुभद्रानं मागचं दार ओढून घेतलं. बोलली तेव्हा आवाज चढला नाही.

"आज काहून सांगून राहिली? माह्या पोरीच्या लग्नात? आठ वर्सं पचलं तुले, अन् आजच ओकाचं होतं?"

"तू पत्रावळ मांडली..."

"मंग चाल. बस तिच्यावर."

"नाही बसवणार माह्याच्यानं."

"नाही बसली तं बाया इचारतीन. मले सांगा लागन. आज मी सांगणार नाही, शकुनचा दिवस हाय." सुभद्रानं पदर खोचला. "उद्याचं उद्या पाहू. माह्या घरी आली तं पाणी देईन. पाण्याले नाही म्हणणारे लोकं आपण नोहो. पण बोलणं नाही भेटणार तुले."

दोघी आत आल्या. भागीरथा सतराखाली बसली. पार्बताबाईनं विचारलं, "कुठं गेलती वं?" आणि सुभद्रा म्हणाली, "पाणी पाह्यले." भागीरथासाठी सुभद्रा खोटं बोलली, तेही पंचशील म्हटल्यावर दोन घंट्यांत. वरण, वांग्याची भाजी, बुंदी. भागीरथानं सगळं खाल्लं. एक शीतही टाकलं नाही. टाकलं असतं तर बायांनी विचारलं असतं.

चारला वरात स्टेशनावर गेली. सुभद्रा जाताना सगळ्यांच्या गळ्यात पडली. भागीरथापाशी आली तेव्हा सुभद्रानं आपली घागर उचलली आणि पुढं चालू लागली.

आत उष्ट्या पत्रावळी तशाच पडल्या होत्या. उद्या बाळापूरचं लग्न होतं, त्यांचं सामान दिवस मावळायच्या आत येणार होतं. भागीरथानं टोपलं घेतलं, एकच्या नंबरापासून सुरुवात केली आणि एकेक पत्रावळ दुमडून टोपल्यात टाकत गेली.